बिदरचे कलाकाम व नियमजन्य संगणककला

जस्तप्रधान मिश्रधातूच्या काळ्या पृष्ठभागावर चांदीची तार किंवा पत्रा जडवून नक्षी साधण्याची दख्खनमधील परंपरा ‘बिदरी’ या नावाने ओळखली जाते. नियमांचा संच संगणकाला देऊन त्याच्याकडून आकृतिबंध घडवून घेण्याच्या आधुनिक प्रकारास इंग्रजीत जनरेटिव्ह आर्ट असे म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी ‘नियमजन्य कला’ ही संज्ञा योजिली आहे. वरवर पाहता या दोहोंत काही शतकांचे अंतर आहे. तथापि बिदरीची नक्षीही नियमांतूनच उपजते. मूळ घटक कोणता, त्याची पुनरावृत्ती कशी करावयाची, मोकळी जागा कशाने भरावयाची आणि काठाशी आल्यावर वेल कोठे वळवावयाची, हे कारागिराने हाती कलम धरण्यापूर्वीच बहुतांशी ठरलेले असते. त्यामुळे संगणकाच्या साहाय्याने या कलेचा नव्याने अर्थ लावणे शक्य होते. मात्र या नियमांपैकी भूमितीचे नियम तेवढे कागदावर सहज उतरतात. उरलेले नियम धातूने घालून दिलेले असतात. या दुसऱ्या वर्गाकडे होणारे दुर्लक्ष हेच अशा पुष्कळ प्रयत्नांच्या उथळपणाचे कारण होय.

बहमनी राजवटीची राजधानी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून बिदर येथे आली आणि त्या दरबाराच्या आश्रयाने इराणी परंपरेचे कारागीर येथे स्थिरावले, असे परंपरा मानते. आज उपलब्ध असलेल्या जुन्या वस्तू मात्र मुख्यतः सतराव्या शतकापासूनच्या आहेत. हुक्क्याची तळपात्रे, सुरया, पानदाने, पिकदाण्या, तबके व डब्या हे त्यांतील प्रमुख प्रकार. पुढे लखनौ, मुर्शिदाबाद व पूर्णिया येथेही हे काम होऊ लागले. बिदर हे शहर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाड्याप्रमाणेच हैदराबाद राज्यात होते. आज ते कर्नाटकात असले, तरी लातूर व नांदेड हे जिल्हे त्याला लागूनच आहेत. औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) येथेही हिमरू व पैठणी यांच्या जोडीने बिदरीचे काम परिचित आहे.

घडणीची पद्धत : बिदरीचे नियम समजून घ्यावयाचे, तर तिची घडण थोडी तपशिलाने पाहावी लागते. मिश्रधातूत जस्ताचे प्रमाण फार मोठे असते. सामान्यतः सोळा भाग जस्तास एक भाग तांबे घेतात, म्हणजे तांब्याचा अंश सु. ६ टक्के येतो. जुन्या वस्तूंत शिसे व कथील यांचेही थोडे अंश आढळतात. एरंडेल व राळ मिसळलेल्या मातीच्या साच्यात हा रस ओततात. थंड झालेले ओतीव भांडे कानशीने घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर मोरचुदाचे पाणी चोळतात. त्यामुळे पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो व टोकदार सळईने काढलेली रेघ त्यावर उजळ दिसते. ही नक्षीची प्राथमिक आखणी. ती बहुधा कोणत्याही नमुन्याच्या कागदाशिवाय, केवळ कंपास आणि सवयीचा हात यांच्या भरवशावर केली जाते. त्यानंतर भांडे राळ व मेण यांच्या गोळ्यावर पक्के बसवून बारीक छिन्न्यांनी, म्हणजे कलमांनी, खाचा खोदतात. खाचेचा तळ तोंडापेक्षा किंचित रुंद ठेवतात, म्हणजे तीत हातोडीने ठोकून बसविलेली चांदीची तार पुन्हा निसटत नाही.

यानंतर भांडे पुन्हा घासले जाते आणि मोरचुदाचा काळेपणा निघून जातो. या टप्प्यावर फिकट करड्या जस्तात पांढरी चांदी जवळजवळ दिसेनाशी होते. कित्येक आठवड्यांचे काम डोळ्यांपुढे असूनही ते वाचता येत नाही. नक्षी प्रकट होते ती अखेरच्या क्रियेत. बिदरच्या जुन्या किल्ल्यातील, ऊन व पाऊस न लागलेल्या जागेची माती नवसागरासह पाण्यात उकळतात आणि त्या द्रावणाने किंचित तापविलेले भांडे माखतात. जस्त-तांब्याचा पृष्ठभाग गडद काळा पडतो, चांदी तशीच राहते. या मातीतील क्षारांमुळे, विशेषतः सोऱ्यासारख्या नायट्रेटांमुळे, हा परिणाम घडतो असे मानतात. कारागीर ती चवीने पारखून घेतात. तांब्याचा अंश नसलेले शुद्ध जस्त असे काळे होत नाही, यावरून मिश्रणातील त्या अल्प तांब्याचे महत्त्व ध्यानात येते. शेवटी तेल चोळून काळा रंग खुलवितात.

जडावाचे प्रकार अनेक आहेत. केवळ तारेने केलेल्या कामास तारकशी म्हणतात. खोदलेल्या खोलगट जागेत पत्र्याचे तुकडे बसविले, तर ते तहनिशान. जडविलेला भाग पृष्ठभागाच्या वर उठावात ठेवला, तर झरबुलंद. आफताबी या प्रकारात चांदीच्या पत्र्यातच आकृती कापून काढतात आणि तो पत्रा भांड्यावर जडवितात. साहजिकच फुले-पाने काळी व पार्श्वभूमी रुपेरी असा उलट परिणाम होतो. अशर्फी की बूटी, फूलझडी, माशाच्या खवल्यांसारखी माही-पुश्त, खसखशीच्या फुलांचे ताटवे व द्राक्षवेली ही नक्षीची परिचित नावे होत.

नक्षीतील नियम : सपाट पृष्ठभागावरील पुनरावृत्तीचे गणित पक्के झाले आहे. पट्टीवर एखादा घटक आवर्तित करण्याचे केवळ ७ आणि सर्व दिशांनी पसरणाऱ्या पृष्ठभागावर तो आवर्तित करण्याचे १७ सममिती-प्रकार संभवतात. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये या सतरा प्रकारांची सिद्धता दिली. तबकाच्या काठावरील वेल किंवा डबीच्या झाकणावरील जाळी या वर्गीकरणात सहज बसते. माही-पुश्त तर एकच कमान अर्ध्या घराने सरकवीत ओळीमागून ओळ रचून होते. संगणकासाठी अशी नक्षी म्हणजे दहा-बारा ओळींची आज्ञावली.

अडचण सुरू होते ती भांडे गोल झाल्यावर. दोन्ही दिशांनी वक्र असलेला पृष्ठभाग ताण वा सुरकुती न देता सपाट उलगडता येत नाही, हे जर्मन गणिती गाउस यांनी १८२७ मध्ये दाखवून दिलेल्या सिद्धांतावरून निष्पन्न होते. हुक्क्याच्या घंटेसारख्या तळपात्राला हे पुरेपूर लागू पडते. एका कल्पित भांड्याचा हिशेब करून पाहू. त्याच्या पोटाचा व्यास १४ सेंमी. असल्यास घेर सु. ४४ सेंमी. भरतो, आणि त्यावर सोळा फुले बसवावयाची तर प्रत्येकाच्या वाट्यास सु. २·७५ सेंमी. रुंदी येते. गळ्याचा व्यास ४·५ सेंमी. असेल, तर तेथील घेर सु. १४ सेंमी. व प्रत्येक फुलाची रुंदी सु. ९ मिमी. एवढीच उरते. फुलाच्या रुंदीत तारेच्या बारा रेघा येत असतील आणि तार अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर पोटावर दोन रेघांमध्ये पावणेदोन मिलिमीटरांहून अधिक धातू राहतो. गळ्यावर मात्र पाव मिलिमीटरही राहत नाही. हा जस्तप्रधान मिश्रधातू ठिसूळ आहे. दोन खाचांमधील इतकी अरुंद भिंत कलमाच्या आघाताने तुटते आणि तार धरून ठेवण्यास आधारच उरत नाही.

कुशल कारागीर गळ्यावर तेच फूल लहान करून काढीत नाही. तो पाकळ्या कमी करतो, फुलाची कळी करतो, कळीचे पान करतो आणि अगदी वर केवळ एक ठिपका किंवा वळसा ठेवतो. सोळा ही संख्या तशीच राहते, घटक मात्र साधा होत जातो. पुष्कळदा मध्ये एखादी सपाट पट्टी घालून तो संख्याही निम्म्यावर आणतो आणि ती पट्टी या बदलाची खूण झाकते. जुन्या भांड्यांवर पोट, खांदा व गळा यांवर निरनिराळ्या नक्षीचे पट्टे दिसतात, त्यांमागे सौंदर्यदृष्टीइतकेच हे अंकगणितही आहे.

तारेचेही स्वतःचे व्याकरण आहे. कागदावर दोन रेषा एकमेकींना सहज छेदून जातात, परंतु एकाच खोलीवर जडविलेल्या दोन तारा तसे करू शकत नाहीत. एक अखंड जाते, दुसरी तिच्याशी येऊन थांबते आणि पलीकडून नवा तुकडा सुरू होतो. त्यामुळे प्रत्येक छेद हा वस्तुतः दोन सांध्यांचा असतो, व प्रत्येक सांधा म्हणजे वेळ आणि निसटण्याचा धोका. तारेची जाडी सर्वत्र सारखी असते, म्हणून लेखणीसारखी बारीक-जाड होणारी रेघ तारकशीत मिळत नाही. ती हवी असल्यास पत्र्याचा तुकडा कापावा लागतो. फार आखूड त्रिज्येचे वळण घेताना तार खाचेतून उसळते. वेल लांब व वाहती, छेद थोडे, टोके फुलांत किंवा पानांत लपलेली, हे बिदरीचे परिचित रूप या अडचणींतून घडत गेले आहे.

नियमजन्य कलेचा विकास : संगणकाने काढलेली चित्रे कलाकृती म्हणून प्रथम १९६५ मध्ये लोकांपुढे आली. त्या वर्षी श्टुटगार्ट येथे गेओर्ग नीस व फ्रीडर नाके यांची, तर न्यूयॉर्क येथे मायकेल नोल व बेला युलेश यांची प्रदर्शने झाली. लंडनमधील १९६८ च्या ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ या प्रदर्शनाने हा विषय व्यापक प्रेक्षकवर्गापर्यंत नेला. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या व पॅरिसमध्ये काम केलेल्या व्हेरा मोलनार (१९२४–२०२३) यांनी १९६८ पासून संगणकाचा वापर केला. साध्या चौकोनांच्या काटेकोर रचनेत मोजूनमापून थोडी अव्यवस्था मिसळली असता काय घडते, याचा त्यांनी दीर्घकाळ शोध घेतला. येथे कलावंत आकृती काढीत नाही. तो नियम व त्यांतील प्राचले ठरवितो आणि निघालेल्या अनेक आकृत्यांतून निवड करतो.

पारंपरिक कलाकामाशी या विचाराचा पहिला गंभीर संबंध आला, तो नक्षीच्या व्याकरणाच्या रूपाने. भाषेच्या व्याकरणात एका चिन्हाच्या जागी दुसरी चिन्हे ठेवून वाक्य तयार होते, तद्वत एका आकृतीच्या जागी दुसरी आकृती ठेवीत चित्र तयार करण्याची पद्धत जॉर्ज स्टायनी व जेम्स गिप्स यांनी १९७१ मध्ये मांडली. तिला आकृतिव्याकरण म्हणता येईल. भारतात याच सुमारास चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथे गिफ्ट शिरोमणी, राणी शिरोमणी व कमला कृतिवासन यांनी तमिळनाडूतील कोलम या रांगोळीचे व्याकरण संगणकशास्त्राच्या परिभाषेत बांधले आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. दारापुढील रांगोळी हा औपचारिक भाषाशास्त्राचा विषय होऊ शकतो, हे त्यामुळे जगातील संशोधकांच्या लक्षात आले. महाराष्ट्रातील ठिपक्यांच्या रांगोळीलाही हीच दृष्टी लावता येण्यासारखी आहे.

स्टायनी यांनी १९७७ मध्ये चिनी खिडक्यांच्या ‘भंगलेल्या बर्फासारख्या’ जाळ्यांचे विश्लेषण केले. ते बिदरीच्या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. वरकरणी स्वैर दिसणारी ही जाळी एकाच कृतीच्या आवर्तनातून तयार होते : एखाद्या बहुकोनाच्या दोन कडांमध्ये एक पट्टी बसवावयाची, म्हणजे त्याचे दोन भाग होतात, पुन्हा प्रत्येक भागात तसेच करावयाचे. व्याकरणाचा एक नियम म्हणजे सुताराची एक कृती. संगणकाच्या पडद्यावर नियम चालविला काय किंवा लाकडाची पट्टी ठोकली काय, क्रम तोच राहतो. नियम व हात यांची इतकी जवळीक असेल, तेथेच पुनर्व्याख्या हा शब्द सार्थ ठरतो.

वेलबुट्टीसाठी असाच एक महत्त्वाचा प्रयत्न १९९८ मध्ये मायकेल वाँग, डग्लस झाँगकर व डेव्हिड सेलसिन यांनी केला. दिलेल्या चौकटीतील सर्वांत मोठी मोकळी जागा शोधावी, तेथे मावेल असे फूल किंवा पान योजावे आणि ते जवळच्या देठाला जोडावे, अशी त्यांची रीत होती. जागा भरेपर्यंत हे चालू राहते. वनस्पतींच्या वाढीचे नियम हंगेरियन जीववैज्ञानिक लिंडनमायर यांनी १९६८ मध्येच सूत्रबद्ध केले होते, परंतु ती नैसर्गिक वाढ होती. नक्षीतील वेल चौकटीला उत्तर देत वाढते, हा भेद वाँग आदींनी नेमका ओळखला. इस्लामी तारकाकृतींच्या बाबतीत पीटर लू व पॉल स्टाइनहार्ट यांनी २००७ मध्ये असे प्रतिपादन केले, की इस्फहान येथील १४५३ च्या दर्ब-इ-इमाम या वास्तूवरील नक्षी पाच प्रकारच्या फरश्यांच्या संचावर आधारलेली असून तिची रचना स्फटिकाभांच्या अनावर्ती रचनेजवळ जाते. त्यावर मतभेद आहेत. गणिताची आधुनिक कल्पना जुन्या कारागिराच्या माथी मारण्याचा मोह अशा संशोधनात नेहमीच असतो.

बिदरीची पुनर्व्याख्या : आज बिदरीवरून केले जाणारे अंकीय प्रयोग ढोबळपणे पाहता तीन वाटांनी जातात, पण त्या एकमेकींत मिसळतात. सर्वांत सोपी वाट म्हणजे काळ्या पृष्ठावर पांढरी नक्षी एवढेच बिदरीचे लक्षण मानून पडद्यावर त्याची असंख्य रूपे काढणे. प्रोसेसिंग ही चित्रकारांसाठी रचलेली आज्ञाभाषा २००१ पासून विकसित होत गेल्यावर असे काम विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आले. त्यातून देखणी चित्रे मिळतात आणि ती फिरती-बदलती असल्याने धातूला अशक्य असा काळाचा परिमाणही त्यांना लाभतो. मात्र यांतील बहुतेक चित्रे रेषा, छेद व अंतर यांबाबत धातूला काहीच विचारीत नाहीत. ती कापडावर किंवा भिंतीवरही तशीच शोभली असती.

२०१४ नंतर प्रतिमानिर्मितीसाठी न्यूरल नेटवर्क वापरण्याची पद्धत पुढे आली आणि २०२२ पासून शब्दांत वर्णन देताच चित्र करून देणाऱ्या प्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्या. बिदरी भांड्याचे वर्णन दिले, तर त्या काळ्या-रुपेरी भांड्याचे विश्वसनीय वाटणारे चित्र देतात. परंतु अशी प्रणाली नियम शिकत नाही. छायाचित्रांत कोणत्या ठिपक्याशेजारी कोणता ठिपका सहसा येतो, हे ती शिकते. म्हणून फुलांची संख्या घेराभोवती जुळत नाही, वेल मध्येच विरते, तार कोठून आली हे सांगता येत नाही. चित्र म्हणून यात काही बिघडत नसले, तरी कारागिरापुढे नमुना म्हणून ते ठेवले, तर त्याला पहिल्या तासातच त्यातील निम्मे टाकून द्यावे लागेल.

तिसरी वाट कष्टाची आहे. तीत धातूच्या अटी आज्ञावलीतच घालतात : दोन रेघांतील किमान अंतर, वळणाची किमान त्रिज्या, छेदाऐवजी सांधा, तारेच्या तुकड्यांची एकूण संख्या शक्य तितकी कमी, आणि घेर अरुंद होताना फुलाचे कळीत रूपांतर. असे केल्यावर संगणकाने सुचविलेल्या आकृत्यांची संख्या एकदम घटते, पण उरलेल्या आकृत्या घडविता येतात. विशेष म्हणजे, त्या आपोआपच जुन्या बिदरीसारख्या दिसू लागतात. अटी तशाच ठेवून घटक बदलला, उदा., फुलाऐवजी पानगळीच्या फांद्या किंवा नदीच्या प्रवाहरेषा घेतल्या, तरी हे साम्य टिकते. बिदरीचे बिदरीपण खसखशीच्या फुलात नसून या अटींत आहे, असे यावरून म्हणावे लागते.

हाताने केलेल्या कामातील बारीक अनियमितता आणण्यासाठी पुष्कळ आज्ञावल्या यादृच्छिक संख्यांचा आधार घेतात आणि प्रत्येक रेघ किंचित हलवितात. ही समजूत चुकीची आहे. कारागिराचा हात कोठेही हलत नाही. तो ठराविक जागीच नियम मोडतो : वर्तुळ पूर्ण होताना शेवटच्या दोन फुलांत जागा कमी पडते तेथे, तोटी किंवा कडी आल्यामुळे वेल बाजूला सारावी लागते तेथे, ओतकामातील बारीक छिद्र चुकवावयाचे असते तेथे. मोलनार यांच्या चित्रांतील अव्यवस्था ही एक कल्पना होती. बिदरीतील अव्यवस्था ही अडचणीची उत्तरे आहेत. ती उत्तरे कोणत्या जागी दिली गेली, हे अनेक जुन्या भांड्यांवरून नोंदविले, तर संगणकासाठीही त्यांचे नियम करता येतील.

पडद्यावरील नक्षी पुन्हा धातूत आणताना यंत्रांचा प्रश्न येतो. लेसर किरणांनी अथवा संगणकनियंत्रित कोरणीने खाच पाडता येते व आखणीतील श्रम वाचतात. परंतु अशी खाच सहसा सरळ भिंतींची किंवा वर रुंद व खाली निमुळती होते. तार पकडणारा आतून रुंद तळ तीत नसतो, म्हणून हाताचे कलम पुन्हा चालवावेच लागते. शिवाय जस्ताचा उत्कलनबिंदू ९०७° से. इतका कमी असल्याने लेसरच्या उष्णतेने त्याची वाफ होऊन जस्त-ऑक्साइडाचा पांढरा धूर निघतो. तो श्वासावाटे गेल्यास ज्वर येतो. लहान, कोंदट कार्यशाळेत हे यंत्र बसविण्यापूर्वी हवेच्या निचऱ्याची सोय पाहणे अगत्याचे आहे. सध्याच्या स्थितीत वक्र भांड्यावर केवळ आखणी उमटविण्यापुरता यंत्राचा उपयोग व खोदकाम हाताने, हीच विभागणी व्यवहार्य दिसते. आखणी व खोदकाम ही पुष्कळदा एकाच माणसाची कामे असल्याने तिचाही परिणाम आहे : आखणी बाहेरून आली, की कारागीर रचनाकार न राहता केवळ खोदणारा होतो आणि त्याच्या मजुरीचा दर त्याप्रमाणे ठरू लागतो.

हक्काचा प्रश्न : बिदरीची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद २००५-०६ या वर्षात झाली. तत्संबंधीचा १९९९ चा अधिनियम २००३ च्या सप्टेंबरपासून अंमलात आला होता. ही नोंद नावाचे रक्षण करते : ठराविक प्रदेशातील व पद्धतीच्या वस्तूंखेरीज इतरांस ते नाव लावता येत नाही. नक्षीचे रक्षण मात्र ती करीत नाही. अशर्फी की बूटी कोणीही फरशीवर छापू शकतो. दुसरीकडे, २००० च्या अभिकल्प अधिनियमानुसार नव्या व मूळ अभिकल्पाला दहा वर्षांचे व वाढवून आणखी पाच वर्षांचे संरक्षण मिळते. जुनी बुट्टी नवी नसल्याने कारागिराला तिची नोंद करता येत नाही. तिच्यावरून आज्ञावलीने काढलेले वेगळे रूप मात्र नवे ठरू शकते आणि ते ज्याच्या हाती संगणक आहे, त्याच्या नावावर जाते. शतकानुशतके घराण्यांतून चालत आलेला नियम सर्वांचा आणि त्यातून काल निघालेले उदाहरण एकाचे, ही स्थिती न्याय्य म्हणता येत नाही. प्रयोग करणाऱ्याने नियम ज्यांच्याकडून घेतला, त्या कार्यशाळेला अभिकल्पाच्या नोंदणीत सहभागी करून घेणे व उत्पन्नाचा वाटा करारात लिहून देणे, हा यावर आज उपलब्ध असलेला मार्ग आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. चांदीच्या भावाबरोबर बिदरीच्या वस्तूची किंमत वाढते, गिऱ्हाईक स्वस्त नकलेकडे वळते आणि खोदकाम शिकण्यास लागणारी वर्षे देण्यास तरुण मुले तयार होत नाहीत. बिदर येथील ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला, तेव्हा या कलेकडे देशाचे लक्ष काही काळ वेधले गेले. अंकीय कलेच्या द्वारे मिळणारी प्रसिद्धीही अशीच उपयोगी पडू शकते, परंतु तिच्यामुळे मागणी पडद्यावरील चित्रांची वाढते की घडविलेल्या भांड्यांची, हे पाहणे आवश्यक ठरते.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी साधने विखुरलेली आहेत. बिदरी वस्तूंचे मोठे संग्रह हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात व लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही बिदरीचे नमुने आहेत. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या पुढाकाराने चाललेल्या डी-सोर्स या उपक्रमात बिदरीच्या घडणीचे टप्पे चित्रांसह नोंदविले आहेत. संग्रहालयांच्या सूचींतील छायाचित्रे मात्र बहुधा भांड्याची एकच बाजू दाखवितात. नियमांच्या दृष्टीने ती अपुरी होत, कारण फुलांची संख्या कोठे जुळविली आणि वेल कोठे मिटविली हे सहसा पाठीमागच्या बाजूस, गिऱ्हाइकाच्या नजरेआड, सापडते. भांडे फिरवीत घेतलेल्या अनेक छायाचित्रांवरून त्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार करण्याचे तंत्र आता स्वस्त झाले आहे. तिच्यावरून संपूर्ण घेराची नक्षी पट्टीप्रमाणे उलगडून वाचता येते व सांधे मोजता येतात.